आसरांची जागा

माझ्या सासऱ्यांना हाक मारायची म्हणजे पाय आपटायचा. सदतीस वर्षं त्यांनी सुरतेत लूम चालवले. त्या खटाखटीनं त्यांचे दोन्ही कान गेले आणि तळपाय मात्र तयार झाले. धाग्यात काही बिघडलं की कानवाल्यांच्या आधी यांच्या टाचेला कळायचं, असं कारखान्यात सगळे सांगत. आमच्या लिंबायतच्या घरात ते पाठमोरे बसलेले असले की आम्ही फरशीवर टाच आपटायचो. ते लगेच वळायचे, हाताचा पंजा उताणा करायचे, भुवया वर न्यायचे. म्हणजे, काय? मग आम्ही हातवाऱ्यांनी किंवा ओठ हलवून काय ते सांगायचो. लग्न होऊन आले तेव्हा मला हा प्रकार उर्मटपणाचा वाटला होता. सासऱ्यांसमोर पाय आपटायचा? पण महिन्याभरात सवय झाली, आणि पुढे तर माझाच पाय घरात सगळ्यांत जोरात आपटायला लागला.

सासऱ्यांचं नाव निंबा, घरात सगळे नाना म्हणत. सासूबाई सरलाबाई. नवरा गजेंद्र, सुरतेजवळच्या सचिन गावात एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. मी गायत्री, प्राथमिक शाळेत मराठी माध्यमाची बाई. शाळेत चाळीस पोरांवर ओरडून माझा स्वभाव असा झालाय की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला त्याचं उत्तर सुचतं. हा माझा दोष आहे. पुढे तो उपयोगी पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

काम सुटल्यावर नाना खचले. दिवसभर खुर्चीवर बसून समोरच्या भिंतीकडे पाहायचे. जेवण अर्ध्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, आजार असा काही नाही, मन रमेल असं काहीतरी बघा. टीव्ही ऐकू येत नाही, देवळात भजन ऐकू येत नाही, कट्ट्यावरचे म्हातारे यांच्याशी हातवारे करून दमतात. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता, आणि गजेंद्रला ते सहन होत नव्हतं. मलाही नव्हतं. सासरा म्हणून नव्हे, या माणसानं मला बी.एड.ला बसवलं होतं. परीक्षेच्या दिवसांत मयुरीला, माझ्या मुलीला, पाठीशी बांधून फिरवलं होतं.

म्हणून जमीन. कामरेजच्या पुढे, मांडवीच्या रस्त्याला लागून आत चार किलोमीटर, दोन बिघे. कागदपत्रांचं महाभारत दोन वर्षं चाललं, ते इथे सांगत बसत नाही. जमिनीवर वीसेक साग होते, दोन महुडे, म्हणजे मोहाची झाडं, आणि उरलेलं सगळं रान. बाभळी, करवंदीची जाळी, वेली, आणि माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली घाणेरी. पंधरा-सोळा वर्षं तिथे कुणी नांगर लावला नव्हता. विकणारे शेठ परदेशात मुलाकडे राहायला गेले होते. त्यांनी स्वतः ती जमीन कितीदा पाहिली असेल देव जाणे.

पहिल्या दिवशी नानांनी बांधावर चपला काढल्या आणि अनवाणी आत शिरले. काटे लागतील म्हणून मी हातवारे केले, त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. एका महुड्याला टेकून उभे राहिले, पाय मातीत घट्ट रोवून. मग आमच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाले, बहिऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो, "मी आठेच ऱ्हासू!" मी इथेच राहणार.

त्या दिवशी संध्याकाळी ते तीन भाकरी जेवले. गजेंद्र स्वयंपाकघरात येऊन उगाच भांडी लावत बसला. रडतोय हे मला दिसू नये म्हणून.

सागाला हात लावायची परवानगी नव्हती, लावायचाही नव्हता. बाकीचं रान काढायचं, जागा सपाट करायची आणि नानांसाठी दोन खोल्यांचं घर बांधायचं, एवढाच बेत. गावातले चार गडी ठरवले. बांधाच्या पलीकडे पार्वतीबेनचं घर होतं, कुडाचं. साठीच्या पुढची एकटी बाई, सात-आठ शेळ्या. तिचा नवरा शेठची ही जमीन राखायचा, तो वारल्यालाही बरीच वर्षं झालेली. ती रोज बांधावर उभी राहून आमचं काम पाहायची. काही बोलायची नाही. गजेंद्र म्हणाला, तिला वाटत असेल शेळ्यांचं चरणं बंद होणार. मी म्हटलं, नाहीतरी ते होणारच आहे.

गड्यांनी तीन रविवार काम केलं. तिसऱ्या रविवारी ते मधल्या उंचवट्यापाशी येऊन थांबले. तिथली घाणेरी काढायला तयार होईनात. का, विचारलं तर एकमेकांकडे पाहून हसले. "त्यां अमे नथी जता," एवढंच. तिथे आम्ही जात नाही. गजेंद्रनं स्वतः कोयता घेतला, कडेची झुडपं तोडली, आणि दगड दिसले.

गुडघ्याइतके उभे दगड, कधीकाळी चुना लावलेले. मधे घाणेरीचा गच्च गोल. चैत्र संपत आला होता, सगळं रान करपून गेलेलं, आणि तेवढी एक जाळी हिरवीगार. जवळ गेलं की गार वाटायचं. पार्वतीबेनच्या शेळ्या त्या गोलाला वळसा घालून जायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. आता ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

सासूबाईंनी दगड मोजले. बोट ठेवून, दोनदा.

"सात शेतस," त्या म्हणाल्या. "ह्या आसरा शेतस, माय." आणि चटकन डोक्यावर पदर घेऊन खाली वाकल्या.

आमच्या खानदेशात साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. विहिरीपाशी, डोहापाशी सात दगड मांडलेले असतात. त्यांची ओटी भरायची, त्यांच्या मधे पाय ठेवायचा नाही, आणि एकट्यादुकट्यानं तिथे रेंगाळायचं नाही, असं बायका सांगतात. गजेंद्र हसला. "माय, आठे पाणी कोठे शे?" नाला तर खाली, शेताच्या कडेला. तोही पावसाळ्यापुरता.

"आसरा पाणी सोडीसन कोठे बठतस का?" सासूबाई म्हणाल्या.

"मग बरंच झालं," मी म्हटलं. "बोअर इथेच मारू. पाणाड्याचे पैसे वाचले."

सगळे हसले. सासूबाई नाही हसल्या. त्यांनी सातही दगडांना शेंदूर लावला, आणि त्या दिवसापासून आमच्यातलं कुणी त्या गोलात पाऊल टाकत नव्हतं. नानासुद्धा. सासूबाईंनी त्यांना बोटांनी सात दाखवले आणि हात जोडून दाखवले, ते समजले. तेवढे दिवस आम्ही सगळे सुखरूप होतो.

अडचण अशी की घर नानांना तिथेच हवं होतं. जमिनीतला तो एकच उंचवटा, पावसाळ्यात पाणी साठणार नाही, दोन्ही महुडे समोर. त्यांनी काठीनं मातीत चौकोन काढून दाखवला. "दार उगवतीले," म्हणाले. आणि तो चौकोन आसरांच्या अंगावरून जात होता. गजेंद्रनं दुसऱ्या दोन जागा दाखवल्या. नानांनी त्या पाहिल्या, मान डोलावली, आणि परत उंचवट्यावर येऊन उभे राहिले. लहान मुलाचा हट्ट मोडवतो, म्हाताऱ्याचा नाही मोडवत.

तोड सासूबाईंनीच काढली. देव हलवता येतो, रीत पाळली तर. नारळ, ओटी, नैवेद्य, माफी. आणि आसरा पाण्याच्या, तर त्यांना पाण्याच्या काठी नेऊन बसवावं, नाल्यावर. तिथे त्यांना बरंच वाटेल. हे सगळ्यांना इतकं पटलं की मलाही पटलं. देवावर माझा फारसा विश्वास नाही, पण सासूबाईंचं मन राहतंय, नानांचं घर होतंय, दोघांचं भागतंय, आणखी काय पाहिजे? दिवस ठरला आखाजीचा.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमचा मोठा सण. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. सकाळी घरची घागर पुजून सासूबाईंनी दुसरी एक छोटी घागर सोबत घेतली, जमिनीवर पुजायला. मयुरी परीक्षेमुळे घरी राहिली. नऊला आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी आलेला होता. चालवणारा प्रवीण, आमच्याच शिरपूरकडचा पोरगेला माणूस, नानांच्या पाया पडला.

सासूबाईंनी सात ओट्या भरल्या. नारळ फोडला, तो आतून काळा निघाला. त्यांनी तो पदराखाली घेतला. मी पाहिलं हे त्यांना कळलं. मग त्या दगडांना म्हणाल्या, "राग धरू नका, माय. तुम्हले पाणीना काठवर लई चालनूत."

गजेंद्रनं पहिल्या दगडाला पहार लावली आणि तेवढ्यात पार्वतीबेन बांध ओलांडून आली. पहिल्यांदाच. भराभर चालत माझ्यापर्यंत आली, बहुधा मी गुजराती बोलते हे तिला माहीत होतं म्हणून.

"बेन, ए पथरा मारा घरवाळाए मूकेला छे," ती म्हणाली. माझ्या नवऱ्यानं ठेवलेत. "खसेडता नहीं. त्यां नीचे..." हलवू नका. तिथे खाली...

प्रवीणनं जेसीबी चालू केला. तिचे ओठ हलत राहिले. बहिऱ्या सासऱ्याच्या घरात मी वीस वर्षं ओठ वाचत आले होते. पण वाचायला समोर बघावं लागतं, आणि मी बघत होते घड्याळाकडे. मला वाटलं होतं तेवढं मला कळलं होतं. हिच्या नवऱ्यानं मांडलेला देव आहे, आणि तो हलवला तर कोपेल. आदिवासी बाई दगडाबद्दल बोलतेय, म्हणजे देवाबद्दलच बोलणार, दुसरं काय! मी शिकलेली बाई, मी हे धरूनच चालले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, ताटातला प्रसाद तिच्या हातावर दिला आणि तिच्या कानाशी ओरडले, "चिंता ना करो, बेन. पूजा करीने लई जईए छीए." पूजा करूनच नेतोय.

ती प्रसादाकडे पाहत राहिली. मग तिनं सासूबाईंच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, शेंदराकडे पाहिलं, आणि मागे सरली. आम्हाला सगळं ठाऊक असूनच आम्ही हे करतोय, असं तिला वाटलं असावं. जमीन विकत घेणाऱ्याला जमिनीतलं माहीत नसेल, असं कुणाला वाटेल? शेळ्या घेऊन ती निघून गेली.

सात दगड नाल्यावर गेले. एकेक करून, झोळीत घालून, वाजतगाजत नाही पण मानानं. नानांनी प्रत्येक दगडाला हात लावला.

मग प्रवीणनं ती घाणेरी काढली. कडेला उभा राहून लांब हातानं बकेट टाकायची आणि ओढायची. दोनदा बकेटमध्ये काळं कुजकं लाकूड आलं, फळीसारखं सपाट. गजेंद्रनं ते उचलून पाहिलं. "जुनं खोड असेल," म्हणाला. त्याला ओलसर, शिळा वास येत होता. सासूबाई लांबूनच म्हणाल्या की जागा रागावलीय, आज नको. मी त्यांना म्हटलं, "आई, आता दिवसाचं भाडं चालू झालंय." प्रवीणनं वरून माती ओढून सगळं सारखं केलं. सोळा वर्षांचं रान तासाभरात गेलं. जागा अंगणासारखी दिसायला लागली. सगळीकडे कोरडी धूळ आणि मधे एक ओला काळा गोल.

एक वाजता आम्ही महुड्याखाली जेवायला बसलो. पुरणपोळी, आमरस. सासूबाईंनी छोटी घागर झाडाच्या बुंध्याशी मांडली होती. प्रवीण जेसीबीतच बसून ताट घेऊन जेवत होता, बकेट वर उचललेली. नानांना जेवण सुचत नव्हतं. दोन घास खाऊन उठले आणि फक्कीची पिशवी घेतली. फक्की म्हणजे पायाची आखणी करायची पांढरी भुकटी. त्यांना स्वतःच्या हातानं घराची पहिली रेघ मारायची होती.

मी त्यांना पाहत होते. पाठमोरे, वाकलेले, मुठीतून पांढरी रेघ सोडत हळूहळू चाललेले. अनवाणी. इतका सुखी माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय. गजेंद्र मला म्हणाला, "बघ." मी म्हटलं, "बघतेय."

आणि बांधावरून किंकाळी आली. पार्वतीबेन शेळ्या सोडून धावत होती, दोन्ही हात वर करून.

"कूवो छे! नीचे कूवो छे! डोसाने बोलावो!"

खाली विहीर आहे. म्हाताऱ्याला बोलवा.

आम्ही उठलो आणि ओरडायला लागलो. वीस-तीस वर्षं ज्या माणसाला हाक ऐकू येत नाही, त्याला आम्ही तिघं जीव तोडून हाका मारत होतो. गजेंद्र धावला. पण मधे ढिगारे होते, तोडलेल्या बाभळी होत्या, तो अडखळून पडला. मी जागच्या जागी पाय आपटला. मातीत आपटला, मातीनं तो गिळला. नाना चालतच होते. ओल्या काळ्या गोलाच्या कडेला रेघ पोचली होती.

मग मला सुचलं. माझं डोकं चटकन चालतं, सांगितलं ना मी. मी जेसीबीकडे वळले आणि ओरडले, "प्रवीण! बकेट आपट! जमिनीवर आपट!"

त्यानं ताट फेकलं आणि बकेट सोडली. धाडकन आवाज झाला. माझ्या पायाखालची जमीन हादरली, घागरीवरचं डांगर घरंगळलं.

नानांच्या तळपायांना कळलं. ते थांबले. सरळ झाले, आमच्याकडे वळले. हातात फक्की होती, तरी त्यांनी पंजा उताणा केला आणि भुवया वर नेल्या. काय?

आणि ते खाली गेले. आवाज नंतर आला.

विहीर चाळीस फूट होती, न बांधलेली, तळाशी पुरुषभर पाणी. गावातल्या माणसांनी दोर सोडले, जे गडी तिथे जात नव्हते तेच उतरले. तीन वाजता त्यांना वर काढलं. फक्की लागलेला पंजा अजून उघडाच होता.

पार्वतीबेन माझ्या शेजारी बसून राहिली. सकाळचं राहिलेलं वाक्य तिनं तेव्हा पुरं केलं. त्यांची गाय त्या विहिरीत पडून मेली होती. शेठला विहीर बुजवायला सांगून सांगून नवरा थकला. शेवटी त्यानं सागाच्या फळ्या टाकल्या, वर माती टाकली, आणि कुणी चुकून जाऊ नये म्हणून भोवती दगड रोवून चुना लावला. मी विचारलं, सातच का? ती म्हणाली, तेवढेच मिळाले.

देव नव्हताच तिथे. एका माणसानं दुसऱ्या माणसांसाठी खूण करून ठेवली होती, आणि आम्ही तिची पूजा केली.

सासूबाई मात्र अजून म्हणतात, त्या आसराच होत्या, पाण्यावर बसल्या होत्या, आपणच त्यांना उठवलं. मी आता वाद घालत नाही. दगड आम्ही नाल्यावरून परत आणून विहिरीभोवती रोवले. जमीन तशीच आहे. घाणेरी पुन्हा कमरेपर्यंत आलीय, असं गजेंद्र सांगतो. मी तिकडे जात नाही.

गजेंद्र मला कधी एका शब्दानं बोलला नाही. पण मी त्या दिवशी संध्याकाळी ती पांढरी रेघ पाहिली होती. विहिरीच्या काठाशी तुटली होती. तिथून पलीकडचा काठ नानांच्या चालीनं सहा पावलं. फळ्यांनी तोवर त्यांना धरलं होतं. फळ्यांवरून ते चार पावलं चालले होते. मी त्यांना हाक मारली नसती तर दोन पावलं उरली होती.

या आखाजीला नानांची पहिली घागर भरली. सासूबाईंनी डांगर ठेवलं, गजेंद्रनं हात जोडले. तेवढ्यात आत मयुरीच्या हातून पाटा निसटला, जमिनीवर धाडकन पडला. आम्ही तिघांनीही नानांच्या खुर्चीकडे पाहिलं. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, पोरी, जपून, आणि आम्ही नैवेद्याचं ताट वाढायला घेतलं.